भयाचा कारभार: हवामानबदलाच्या राजकारणाचा एक आढावा

हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दुप्पट झाले तर पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल, असे गणित स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली मांडले, तेव्हा त्या उत्तराचे त्यांना भय वाटले नाही. उलट येणाऱ्या पिढ्यांना, विशेषतः थंड प्रदेशांतील लोकांना, अधिक सुखावह ऋतुमान आणि अधिक मुबलक पिके लाभतील, अशी आशा त्यांनी पुढे एका ग्रंथात व्यक्त केली. १९३८ साली गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्याने जुन्या नोंदी तपासून पृथ्वी तापू लागल्याचे दाखविले, आणि हिमयुगाचे पुनरागमन लांबेल या विचाराने त्यालाही ही वार्ता एकंदरीत शुभच वाटली. हिवाळ्यात गोठणाऱ्या नगरात बसून केलेल्या गणिताला विदर्भातील मे महिन्याचा अनुभव नसतो, ही गोष्ट सोडून दिली, तरी एवढे खरे की ज्या वस्तुस्थितीने आज जग हवालदिल झाले आहे ती वस्तुस्थिती माहीत होऊनही अर्धशतकाहून अधिक काळ तिच्याभोवती भय जमले नव्हते. ते कोठून आले, कोणी जोपासले, त्याच्या बळावर काय साधले आणि काय बिघडले, याचा आढावा घेताना हे भय खोटे आहे असे सुचविण्याचा माझा मुळीच हेतू नाही. भय साधार आहे. परंतु साधार भयाचा कारभारही चांगला किंवा वाईट होऊ शकतो, आणि माझ्या मते या विषयातील खरा वाद तेथे आहे.

या भयाची भाषा अणुयुगाने घडविली. अमेरिकेतील अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाने १९४७ साली मुखपृष्ठावर एक घड्याळ छापले, ज्याचा काटा मध्यरात्रीकडे, म्हणजे जगाच्या अंताकडे, सरकत असे. साठ वर्षांनी, २००७ साली, त्या काट्याची जागा ठरविताना हवामानबदलही हिशेबात घेतला जाऊ लागला. त्यापूर्वीच, जून १९८८ मध्ये, टोरांटो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आपल्या निवेदनात असे म्हटले होते की वातावरणावर मानव करीत असलेल्या या प्रयोगाचे अंतिम परिणाम जागतिक अणुयुद्धाच्या खालोखाल गंभीर ठरू शकतील. त्याच महिन्याच्या २३ तारखेस हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सेन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये विलक्षण उकाडा होता, आणि तारीख मुक्रर करताना ऐन उन्हाळ्यातील दिवस हेतुपुरस्सर शोधला होता, हे सिनेटर टिमथी वर्थ यांनी पुढे स्वतःच सांगितले. साक्षीतील विज्ञान त्यामुळे तसूभरही उणे होत नाही. मात्र या राजकारणाच्या आरंभीच नेपथ्याची काळजी घेतली गेली होती, ही नोंद दप्तरी राहते. सप्टेंबरात ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी रॉयल सोसायटीपुढे याच विषयाची चिंता व्यक्त केली, आणि चौदा वर्षांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याच चिंतेच्या अतिरेकाची टिंगल केली. भय पेरणाऱ्याच्या हातातच पीक राहते असे नाही, याचा हा दाखला.

१९८८ सालच्या त्या उत्साहामागे एक ताजे यश होते. अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर विरळ होत असल्याचे १९८५ साली उघड झाले, आणि दोनच वर्षांनी माँट्रियल येथे क्लोरोफ्लुओरोकार्बन वायूंना आळा घालणारा करार झाला. भय दाखविले की जग हलते, असा सरळ निष्कर्ष यावरून पुष्कळांनी काढला. तो अपुरा होता. त्वचेच्या कर्करोगाचे भय तेथे होतेच. पण ते वायू बनविणारे कारखाने मोजके होते, पर्यायी रसायने दृष्टिपथात होती, आणि १९९० साली लंडन येथे गरीब देशांसाठी निधीची तरतूद झाल्यानंतरच भारत त्या करारात सामील झाला. भयाला उपाय, पैसा आणि मुदत यांची जोड मिळाली म्हणून ते फळास आले. कोळसा आणि तेल यांची गोष्ट निराळी, कारण त्यांच्यावर एक उद्योग नव्हे तर अवघी औद्योगिक सभ्यता उभी आहे; तेथे भय तेवढे घेतले गेले आणि बाकीची सामग्री मागे राहिली.

१९९२ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आराखडा-कराराने वातावरणातील ‘धोकादायक’ हस्तक्षेप टाळण्याचे ध्येय लिहून ठेवले; धोका कोणास आणि किती, हे ठरविण्याचे काम पुढील परिषदांवर सोपविले. २००९ साली कोपनहेगनमध्ये दोन अंशांची मर्यादा मान्य झाली, ती छोट्या बेटांना मंजूर नव्हती. त्या परिषदेच्या दोन महिने आधी मालदीवचे अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी आपल्या मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या पाण्याखाली भरविली होती. हा देखावा खरा, पण ज्यांची भूमी समुद्रसपाटीपासून सरासरी दीड-दोन मीटर उंच आहे त्यांच्या देखाव्याला नाटकीपणाचा दोष देणे हृदयशून्यतेचे होईल. पॅरिसच्या २०१५ सालच्या करारात दीड अंशाचा उल्लेख आला तो मुख्यतः अशा राष्ट्रांच्या, आणि विशेषतः मार्शल बेटांचे मंत्री टोनी डी ब्रम यांच्या, चिकाटीने. येथे भय हे दुर्बलांचे एकमेव चलन होते आणि त्यांनी ते शहाणपणाने खर्चिले.

पुढे मात्र मर्यादेची मुदत झाली आणि मुदतीची घोषणा. ऑक्टोबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय हवामान-मंडळाने (आयपीसीसी) असे दाखविले की दीड अंशाच्या आत राहावयाचे तर २०३० सालापर्यंत कार्बनचे उत्सर्जन २०१०च्या तुलनेने सुमारे ४५ टक्के घटवावे लागेल. अहवालातील हे सशर्त विधान रस्त्यावर येता येता ‘जग वाचविण्यास बारा वर्षे उरली’ असे झाले. ग्रेटा थुनबर्ग या शाळकरी मुलीने त्याच वर्षी स्टॉकहोममधील स्वीडिश संसदेबाहेर ठाण मांडले होते. जानेवारी २०१९ मध्ये दावोसच्या धनिकांपुढे तिने, मला तुमची आशा नको, तुम्ही घाबरलेले मला हवे आहात, अशा आशयाचे भाषण केले. त्या पिढीच्या संतापाला मी नावे ठेवणार नाही. पण मुदतीच्या घोषणेत एक अंगभूत दोष आहे: मुदत उलटते, आणि दुसऱ्या दिवशीही दूधवाला येतो. २०२४ हे पूर्ण वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीहून दीड अंशापेक्षा अधिक तापले. करारातील मर्यादा दीर्घकालीन सरासरीची असल्याने ती तांत्रिकदृष्ट्या अद्याप ओलांडली गेलेली नाही, हे खरे, परंतु ज्यांना तो आकडा कड्याच्या टोकासारखा दाखविला गेला होता त्यांच्यापैकी काहींना वाटले की सर्व संपले, आणि काहींना वाटले की काहीच झाले नाही. वस्तुतः दर दशांश अंशाने हानी वाढत जाते. तेथे कडा नाही, उतरण आहे, आणि उतरणीवर थांबण्याला कोणत्याही टप्प्यावर अर्थ असतो.

विचारवंतांत या प्रश्नावर दोन तट आहेत. जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की मानवाचे सामर्थ्य त्याच्या दूरदृष्टीहून मोठे झाले असताना शुभ भाकितापेक्षा अशुभ भाकितास अधिक वजन देणे हे कर्तव्यच ठरते. भय हे तेथे ज्ञानाचे साधन आहे. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी २००९ साली गणिताच्या अंगाने जवळपास तेथेच पोहोचून दाखविले की अत्यंत भीषण परिणामाची शक्यता अल्प असली तरी ती पुरेशा वेगाने शून्याकडे जात नसेल, तर लाभहानीचा नेहमीचा ताळेबंद कोलमडतो. उलटपक्षी, ब्रिटिश हवामान-अभ्यासक माइक ह्यूम २००६ पासून सांगत आले की ‘महाप्रलय’, ‘अपरिवर्तनीय’, ‘अराजक’ अशा शब्दांनी विज्ञानाचे काम होत नाही. आणि साफ्रन ओनील व सोफी निकल्सन-कोल यांच्या २००९ सालच्या अभ्यासात असे आढळले की भीषण चित्रे लक्ष वेधून घेतात, परंतु माणसाला स्वतः काही करण्यास क्वचितच प्रवृत्त करतात. २०२१ साली भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील ५६ टक्क्यांना मानवजातीचे भवितव्य अंधकारमय, किंबहुना ठरून गेलेले, वाटत होते. मला दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर वाटतात, कारण ते दोन भिन्न माणसांविषयी बोलत आहेत. योनास यांचे भय राज्यकर्त्यासाठी आहे, ज्याच्या हाती निर्णय आहे. ह्यूम यांची तक्रार श्रोत्याच्या वतीने आहे, ज्याच्या हाती वर्तमानपत्राखेरीज काही नाही. अधिकारावाचून दिलेले भय मनात कुजते, एवढाच त्याचा अर्थ.

भयाच्या घाईने सत्याची हेळसांड होते तेव्हा काय घडते, हे हिमालयाने दाखविले. आंतरराष्ट्रीय हवामान-मंडळाच्या २००७ सालच्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नष्ट होण्याची मोठी शक्यता असल्याचे एक विधान शिरले, ज्याला शास्त्रीय तपासणीचा आधार नव्हता. भारतीय भूशास्त्रज्ञ वि. कु. रैना यांच्या २००९ सालच्या निबंधाने शंका उपस्थित केली, तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी तिची संभावना जादूटोण्याच्या विज्ञानात केली. आणि जानेवारी २०१० मध्ये मंडळालाच चूक कबूल करावी लागली. हजारभर पानांतील एका परिच्छेदाने संशयवाद्यांना वर्षानुवर्षे पुरेल एवढी शिदोरी दिली. खेदाची गोष्ट ही की अतिशयोक्तीची गरजच नव्हती: तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालय पट्ट्यातील सुमारे एक तृतीयांश बर्फ या शतकात नाहीसे होईल, असे काठमांडू येथील पर्वत-अभ्यास संस्थेने समन्वयिलेल्या २०१९ सालच्या अहवालात आहे. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले आणि चुंगथांग येथील तिस्तेवरचे धरण वाहून गेले. त्या सरोवराच्या धोक्याविषयी शास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षे आधी लिहून ठेवले होते. २०३५च्या आकड्यावर संसदा आणि वृत्तपत्रे गाजली. एका नावानिशी ठाऊक असलेल्या सरोवराचा बंदोबस्त मात्र वेळेवर झाला नाही.

या सर्व काळात दुसरे एक भय अधिक शिस्तीने काम करीत होते. जुलै १९९७ मध्ये, क्योटो कराराच्या पाच महिने आधी, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला की विकसनशील देशांवर बंधन नसलेला किंवा अमेरिकी अर्थव्यवस्थेस गंभीर इजा करणारा कोणताही करार मान्य होणार नाही. रोजगार जाईल, वीज महाग होईल, चीन पुढे जाईल, ही भीती महाप्रलयाच्या भीतीहून लहान होती, आणि म्हणूनच बलवान होती. तिला मतदारसंघ होता, तिला प्रतिनिधी होते, तेल-कोळशाच्या उद्योगाचा पैसा तिच्या पाठीशी होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्रान्समधील पिवळ्या बंड्यांचे आंदोलन इंधनावरील करातून पेटले. जगाच्या अखेरीची चिंता करणाऱ्यांना महिनाअखेरीची चिंता कळत नाही, असा त्या लोकांचा आक्षेप होता, आणि सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. धनिकांवरील संपत्तीकर त्याच सरकारने नुकताच हलका केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे हा आक्षेप निव्वळ अडाणीपणाचा नव्हता हे कळते.

हीच कैफियत आपल्या देशाने आधीच मांडली होती. अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ साली लिहिलेल्या पुस्तिकेत विचारले की पोट भरण्यासाठी भात लावणाऱ्याच्या शेतातील मिथेन आणि चैनीसाठी पळणाऱ्या मोटारीचा धूर एकाच खात्यात कसा मांडता येईल. महाप्रलयाच्या भाषेत ‘आपण सारे एकाच नौकेत’ असे म्हटले जाते, तेव्हा नौकेतील वरचा मजला व तळघर यांतील भेद पुसला जातो, आणि ज्याने भोके पाडली त्याला व ज्याच्या पायाशी पाणी आले त्याला सारखेच कर्तव्य सांगितले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये हवामानबदल हा शांतता व सुरक्षिततेचा प्रश्न मानणारा मसुदा सुरक्षा परिषदेपुढे आला असता रशियाने नकाराधिकार वापरला आणि भारतानेही विरोधी मत दिले. मूठभर राष्ट्रांच्या दरबारात हा मामला गेला तर जबाबदारीचा हिशेब बाजूला पडेल, ही भारताची भूमिका होती. त्या भूमिकेत आपल्या कोळशाची सोय नव्हती असे मी म्हणणार नाही. पण आणीबाणीचा अधिकार कोणाच्या शिक्क्याने चालेल हा प्रश्न रास्त होता, आणि तो रास्त का, हे महाराष्ट्राच्या एका दशकाकडे पाहिले म्हणजे समजते.

१९६८ साली पॉल एर्लिक यांनी लोकसंख्येच्या स्फोटाविषयी जे पुस्तक लिहिले त्याचा आरंभ दिल्लीच्या गर्दीतून टॅक्सीने केलेल्या एका प्रवासाच्या वर्णनाने होतो, आणि सत्तरीच्या दशकात कोट्यवधी माणसे उपासमारीने मरतील असे भाकीत त्यात आहे. १९७४ साली गॅरेट हार्डिन यांनी जीवनरक्षक नौकेचा दृष्टान्त देऊन गरीब देशांना अन्नसाहाय्य करू नये असा युक्तिवाद केला. हे भय केवळ पाश्चात्त्य पुस्तकांत राहिले नाही. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक मंजूर केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अंमलात आले नाही, पण त्या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांत किती स्वेच्छेच्या होत्या हे सर्वांस विदित आहे. भाकीत चुकले, छावण्यांत ओढून नेलेल्यांची भरपाई करण्याचा मार्ग मात्र उरला नाही.

आता त्याच दशकातील, त्याच विधिमंडळाची दुसरी कृती पाहा. १९७२च्या दुष्काळात मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र होरपळून निघाला. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. मागेल त्याला काम देण्याच्या, वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधी करून पाहिलेल्या प्रयोगाला त्या आपत्तीने राज्यव्यापी रूप दिले; १९७५ साली शहरांतील नोकरदारांवर व्यवसायकर बसला, तो या योजनेच्या खर्चासाठी; आणि १९७७चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. आजही पगारपत्रकात तो कर कापला जातो आणि कापून घेणाऱ्यास त्याचे मूळ सहसा ठाऊक नसते. योजनेतील खोटी हजेरीपत्रके, अर्धवट पाझरतलाव, मुकादमांची टक्केवारी, हे सर्व मान्य. तरीही येथे भुकेच्या भयातून नागरिकाचा हक्क निघाला, हक्काला खजिन्यातील लेखाशीर्ष मिळाले, आणि ते भरण्याचे काम ज्यांचे पोट भरलेले होते त्यांच्याकडे गेले. दोन्ही कृतींच्या मुळाशी भय एकाच जातीचे होते. एका ठिकाणी भयग्रस्ताकडे अपराधी म्हणून पाहिले गेले, दुसऱ्या ठिकाणी हक्कदार म्हणून. माझ्या दृष्टीने हवामानाच्या राजकारणाची परीक्षा करण्यास याहून चांगली कसोटी नाही.

त्या कसोटीवर आजचे चित्र संमिश्र उतरते. १९९९च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३च्या फायलिन चक्रीवादळाच्या वेळी जवळपास दहा लाख लोक आधीच हलविले गेले आणि मृतांची संख्या दोन आकड्यांत राहिली. त्या चौदा वर्षांत किनाऱ्यावर आश्रयगृहे उभी राहिली, गावोगाव माणसे नेमली गेली, इशाऱ्याचा हुकूम कोणी कोणास द्यावयाचा हे ठरले. अहमदाबाद महापालिकेने २०१०च्या उष्णलाटेनंतर २०१३ साली उष्णतेचा कृतिआराखडा केला, त्याचेही श्रेय याच जातीचे. उलट कॅनडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने १७ जून २०१९ रोजी हवामान-आणीबाणी जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी तेथील सरकारने तेलवाहिनीच्या विस्तारास मंजुरी दिली. आणीबाणीचा असा जाहीरनामा म्हणजे निव्वळ शाई. याहून चिंताजनक दुसरी वाट आहे: आता वेळच उरला नाही, म्हणून वातावरणाच्या वरच्या थरात कण फवारून सूर्यप्रकाश अडवावा, हा विचार. पॉल क्रुत्सन यांनी २००६ साली तो गांभीर्याने चर्चेत आणला तेव्हा त्यांना स्वतःला तो नाइलाजाचा वाटत होता. मोसमी पावसावर ज्यांचे जगणे आहे त्यांना न विचारता हा नाइलाज कोणी ठरवावयाचा, हे कोठेही लिहिलेले नाही.

छोट्या बेटांकडे पुन्हा वळतो, कारण कसोटीची दुसरी बाजू त्यांनीच अधिक काळ लावून धरली आहे. आराखडा-कराराच्या वाटाघाटी चालू असताना १९९१ साली वानुआतूने असे सुचविले होते की समुद्र चढल्याने होणाऱ्या हानीसाठी श्रीमंत देशांनी वर्गणी भरावी आणि विम्यासारखा निधी उभारावा. तीस वर्षे ती सूचना बासनात राहिली. २०२२ साली शर्म-अल-शेख येथे हानिनिधी स्थापन करण्याचे ठरले, आणि पहिल्या आश्वासनांची बेरीज सत्तर कोटी डॉलरांच्या आसपास भरली, जी गरजेच्या मानाने चिल्लर आहे. मग त्याच वानुआतूने, पॅसिफिकमधील काही कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून सुरू झालेली मागणी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मंजूर करवून घेतली आणि हा विषय हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले की हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्यात कसूर झाल्यास, कार्यकारणसंबंध सिद्ध होईल तेथे, भरपाईचाही प्रश्न उपस्थित होऊ शकतो. हे मत सल्ल्यापुरते आहे, त्याची वसुली करणारा बेलिफ नाही, आणि मोठी राष्ट्रे ते बाजूस सारण्यास मोकळी आहेत. पण त्या निकालपत्रात बुडणाऱ्या बेटाचा उल्लेख करुणेचा विषय म्हणून नव्हे, तर पक्षकार होऊ शकणाऱ्या राष्ट्राचा म्हणून आहे. पुढील दावे कोणत्या न्यायालयात, कोणाविरुद्ध आणि किती रकमेचे दाखल होतात, याकडे आता हवामान-परिषदांच्या भाषणांपेक्षा अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.